रक्तविकारशास्त्र : अतिविशेष निवासी प्रशिक्षण

रक्त, अस्थिमज्जा आणि रक्त गोठण्याची क्रिया यांच्या आजारांवर उपचार करणारे तज्ज्ञ घडवणारा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. भारतात याची पदवी ‘डीएम (क्लिनिकल हिमॅटोलॉजी)’. मुख्यतः मेडिसिन किंवा बालरोग या विषयांत एमडी झालेले डॉक्टर ‘नीट-एसएस’ परीक्षा देऊन येथे येतात. एमबीबीएसपासून मोजले, तर इंटर्नशिपसह साडेअकरा वर्षे होतात.

हिमॅटोलॉजी म्हणजे पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा, अशी आपल्याकडची जुनी घडी : स्लाइड एकाने पाहायची, रुग्ण दुसऱ्याने. ही फारकत मिटवणे, हे या प्रशिक्षणाचे खरे मर्म. राउंडला ज्याच्या हिरड्यांतून रक्त येताना दिसले, त्याचा स्मिअर रेसिडेंट स्वतःच मायक्रोस्कोपखाली धरतो. पेशींत ऑअर दंडांचे जुडगे दिसले, तर अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचा संशय बळावतो. मग जनुकीय अहवालासाठी थांबायचे नसते. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेले ‘एट्रा’ हे औषध त्याच दिवशी सुरू करतात, कारण तेवढ्या अवधीत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

अस्थिमज्जा काढणे हे रोजचे हातकाम. रुग्णाला कुशीवर वळवून, कमरेच्या हाडाच्या मागच्या उंचवट्यावर भूल देऊन सुई फिरवत आत घालतात. त्वचा बधिर होते. पण सिरिंज ओढतानाची कळ भुलीने थांबत नाही, हे रुग्णाला आधी सांगावे लागते. मज्जा गोठण्याआधी काचेवर पसरायची असते. कधी सिरिंज कोरडीच राहते. मज्जा तंतुमय होणाऱ्या मायलोफायब्रोसिसमध्ये हे नेहमीचे. तेव्हा हाडाचा बारीक तुकडा काढून त्याचाच ठसा काचेवर घेतात.

रक्त चढवण्याचे शास्त्रही शिकावे लागते. 1952मध्ये डॉ. य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट वरवरच्या तपासणीत ‘ओ’ वाटतो, पण त्या व्यक्तीला ‘ओ’ रक्त दिल्यास जिवावर बेतते. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा तिसरा मोठा भाग. भारतातील पहिले प्रत्यारोपण 1983मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात झाले.

कुठे शिकलो यावर पुष्कळ अवलंबून असते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण सहज दिसतात; प्रत्यारोपणावर भर असलेल्या केंद्रात ल्युकेमियातच दिवसच्या दिवस जातात आणि हिमोफिलिया मागे पडतो. ल्युकेमिया व लिम्फोमा मेडिकल ऑन्कॉलॉजीच्या डीएममध्येही शिकवतात. थॅलसेमिया, हिमोफिलिया आणि अप्लास्टिक अ‍ॅनिमिया मात्र प्रामुख्याने याच शाखेकडे येतात.