छापील साहस आणि घरचा सूत्रधार

छापलेल्या अक्षरास हात लावूं नये, ही शिकवण आम्हां पुस्तकी लोकांच्या अंगीं लहानपणापासून मुरलेली असते. कवीचा शब्द बदलणें हा प्रमाद, नाटककाराचा प्रवेश गाळणें हा अपराध, असें आम्ही वर्गांत सांगत आलों. परंतु गेल्या सुमारें पन्नास वर्षांत अमेरिकेंत ग्रंथाचा एक असा प्रकार उदयास आला आहे कीं, जो जसाच्या तसा वापरला तर फसतो, आणि मोडून-जोडून घेतला तरच फळतो. अद्भुतरम्य भूमिका-खेळांकरितां छापलेल्या साहसांच्या पुस्तिका हा तो प्रकार होय. त्यांचा इतिहास लहान आहे. पण लेखकाचा अधिकार कोठें संपतो आणि वापरणाराची जबाबदारी कोठें सुरू होते, ह्या जुन्या प्रश्नावर तो चांगला प्रकाश पाडतो.

ज्या वाचकांस हा खेळ परिचित नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द. चार-पांच मंडळी मेजाभोवतीं बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर अशीं पात्रें घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपलें पात्र काय करील तें खेळाडू सांगतात, आणि जेथें यशापयशाचा संशय असेल तेथें फासे निर्णय देतात. गोष्ट एका बैठकींत संपत नाहीं. तींच पात्रें घेऊन ती महिनोन्महिने चालते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या नांवानें हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं १९७४ सालीं तीन लहान पुस्तकांच्या रूपानें प्रसिद्ध केला. त्यांत नियम होते. तयार गोष्ट नव्हती. अगदींच अडल्याखेरीज आम्हांस विचारूं नका, तुमचें तुम्हीच ठरवा, असें कर्त्यांनीं तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटीं सांगून टाकलें होतें.

तथापि दर खेपेस नवी गोष्ट रचणें सर्वांस साधत नाहीं. १९७५ सालीं ‘ब्लॅकमूर’ ह्या पुरवणींत आर्नेसन ह्यांनीं ‘टेंपल ऑफ द फ्रॉग’ हें साहस छापलें. १९७६ पासून ‘जजेस गिल्ड’ ही संस्था तयार नगरें व नकाशे विकूं लागली. आणि १९७८ सालीं टी. एस. आर. ह्या मूळ प्रकाशक कंपनीनेंही स्वतंत्र पुस्तिका काढण्यास आरंभ केला. गोष्टच विकत घेतली तर आपलें असें काय उरलें, हा पेंच येथेंच उत्पन्न झाला.

आरंभींच्या लेखकांस ह्या पेंचाची जाणीव होती. माइक कार ह्यांच्या ‘इन सर्च ऑफ द अननोन’ ह्या पुस्तिकेंत एका ओसाड गढीच्या खोल्यांचें वर्णन आहे; पण कोणत्या खोलींत कोणता राक्षस आणि कोणतें धन, ह्या जागा मुद्दाम कोऱ्या ठेविल्या आहेत. शेवटीं दिलेल्या याद्यांतून निवड करून सूत्रधारानें त्या पेन्सिलीनें भरावयाच्या. तिच्या मागोमाग आलेल्या गायगॅक्स ह्यांच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’मध्यें कोऱ्या ओळी नाहींत, पण पोकळ्या आहेत. सरहद्दीवरील किल्ल्यांतल्या माणसांस हुद्दे आहेत, नांवें नाहींत. आणि एक गुहा तर सूत्रधारानें स्वतः रचावी म्हणून सोडून दिली आहे.

सर्वांत मोठी पोकळी मात्र निराळीच आहे. किल्ल्याजवळच्या दरींत निरनिराळ्या राक्षस-जमाती शेजारीं शेजारीं राहतात, आणि त्यांच्या गुहांत लढवय्यांबरोबर बायका व पोरेंही मोजून दिलीं आहेत. लढाई जिंकल्यावर त्यांचें काय करावें? ह्यावर पुस्तिका गप्प आहे. येथें घरचा सूत्रधार कसास लागतो. एका घरीं त्या पोरांस अभय मिळेल. दुसऱ्या घरीं समोर स्वतःचीं लहान मुलें बसलीं असल्यामुळें सूत्रधार तो मजकूरच गाळील. तिसऱ्या घरीं खेळाडू तलवार म्यान करून त्या जमातींशीं तह करूं पाहतील. नकाशा तिन्ही घरीं एकच. न्याय मात्र ज्याच्या त्याच्या मेजावरचा.

१९८४ सालीं निघालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालेंत वारें उलट वाहूं लागलें. खेळाडूंनीं घ्यावयाचे नायक येथें नांवानिशीं रचून दिलेले होते, आणि त्याच कथेवरील कादंबरीही त्याच वर्षीं बाहेर पडली. पुढें लागणारें पात्र मध्येंच मेलें, तर त्याचें प्रेत कोणाच्या हातीं लागूं देऊं नये, म्हणजे त्यास मागाहून परत आणतां येईल, अशी सोय पहिल्याच पुस्तिकेंत होती. कथा म्हणून ह्या मालेचें आकर्षण आम्ही नाकारीत नाहीं. पण जें मरण खरें नव्हे, त्यापुढें दाखविलेलें धैर्यही लटकें पडतें, आणि खेळाडू कर्ता न राहतां प्रेक्षक होऊं लागतो.

गंमत अशी कीं, ही पहिली पुस्तिका लिहिणारे ट्रेसी हिकमन ह्यांनींच पत्नी लॉरा ह्यांच्यासह आदल्या वर्षीं, १९८३ त, ‘रेव्हनलॉफ्ट’मध्यें मधला मार्ग दाखविला होता. तेथें पत्ते काढून त्यांवरून खलनायक स्ट्राड ह्याचा हेतु काय, आणि महत्त्वाच्या वस्तु वाड्यांत कोठें दडलेल्या, हें ठरवावयाचें असतें. ती ३२ पानांची पुस्तिका २०१६ सालीं ‘कर्स ऑफ स्ट्राड’ ह्या नांवानें अडीचशेंहून अधिक पानांचा ग्रंथ होऊन निघाली, तेव्हांही पत्त्यांची युक्ति कायम राहिली.

ह्यावरून घरच्या सूत्रधारास एक नियम काढतां येतो. नकाशा, अंतरें, पहाऱ्याच्या जागा हें लेखकानें विचारपूर्वक बसविलेलें असतें; तें उगीच बिघडवूं नये. राक्षसांचें बळ आपल्या खेळाडूंच्या बेताचें करून घ्यावें. पण हें सर्व कां घडत आहे, आणि आमच्या पात्रांचा त्याशीं संबंध काय, ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें छापून येऊं शकत नाहींत. कारण ज्या चार माणसांस तीं द्यावयाचीं, त्यांस लेखकानें पाहिलेलेंच नसतें. गुहेंतला कैदी एखाद्या पात्राचा हरवलेला भाऊ केला, कीं नकाशावरची रेघही न बदलतां सारें साहस त्या घरचें होतें. आमचा हरिदास तरी निराळें काय करतो? आख्यान पुराणांतलें, सर्वांस ठाऊक असलेलें. पण कोठें थांबावें, कोणता दाखला द्यावा, हें तो समोरची मंडळी पाहून ठरवितो, आणि त्याबद्दल कोणी त्यास व्यासांचा द्रोही म्हणत नाहीं.

माइक कार ह्यांच्या त्या पुस्तिकेची एखादी जुनी प्रत हातीं आली, आणि तिच्या कोऱ्या जागा कोणा मुलानें वेड्यावाकड्या अक्षरांत भरलेल्या आढळल्या, तर संग्राहकास ती डागाळलेली वाटेल. आम्हांस मात्र तीच प्रत पुरी झालेली वाटते.