दुधातील हायड्रोजन पेरॉक्साइड आणि नॅनोकणांचा इलेक्ट्रोड

दूध उशिरा नासावे म्हणून त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळण्याचे प्रकार घडतात. भारतात यास परवानगी नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात 6,432 पैकी 12 नमुने भेसळीमुळे असुरक्षित ठरले. त्यांतील 6 नमुन्यांत हेच रसायन आढळले. संख्या अल्प असली तरी तिच्याकडे सावधपणे पाहावे लागते. कच्च्या दुधातील कॅटालेजसारखी विकरे पेरॉक्साइडचे विघटन करतात, त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पुरावाच नाहीसा होऊ शकतो. तपासणी संकलन केंद्रावर, तत्काळ होणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

पॅराफेनिलिनडायअमाइनचे थेंब टाकल्यास भेसळयुक्त दूध निळे होते. ही चाचणी सोपी असली तरी प्रमाण नेमके सांगत नाही. विद्युत-रासायनिक संवेदक ते सांगू शकतो, कारण इलेक्ट्रोडवर पेरॉक्साइडची अभिक्रिया होताना वाहणारा प्रवाह त्याच्या प्रमाणानुसार बदलतो.

अडचण निवडीची आहे. साध्या प्लॅटिनम इलेक्ट्रोडला सुमारे 0.6 व्होल्ट विभव द्यावा लागतो आणि तेवढ्या विभवावर क जीवनसत्त्व व युरिक आम्लही प्रवाह निर्माण करतात. यावर उपाय सापडला तो चित्रकारांच्या एका जुन्या रंगात. लोह व सायनाइड यांचे संयुग असलेला ‘प्रशियन ब्लू’ पेरॉक्साइडचे क्षपण शून्य व्होल्टच्या आसपासच घडवून आणतो. मॉस्को विद्यापीठातील अर्काडी कार्याकिन यांनी 1990 च्या दशकात हा गुणधर्म पुढे आणला. या पदार्थाला ‘कृत्रिम पेरॉक्सिडेज’ असे नाव मिळाले.

हा पदार्थ नॅनोकणांच्या रूपात कार्बन नलिकांवर किंवा ग्राफीनवर बसविल्यास अभिक्रियेस अधिक पृष्ठभाग मिळतो आणि इलेक्ट्रॉनांचे वहन सुधारते. मात्र अभिक्रियेत हायड्रॉक्साइड आयन तयार होतात व अल्कधर्मी वातावरणात हा थर हळूहळू विरघळतो.

अत्यल्प प्रमाण ओळखल्याचे दावे बहुधा स्वच्छ बफर द्रावणातील मापनांवर आधारलेले असतात. दुधात स्निग्धांश व केसीन इलेक्ट्रोडवर साचून प्रवाह घटवितात. नमुना विरल करणे, संरक्षक पटल चढविणे किंवा एकदाच वापरायची छापील पट्टी घेणे, हे त्यावरचे प्रचलित मार्ग आहेत. विरल केल्याने मूळ संवेदनक्षमतेचा काही भाग मात्र गमवावा लागतो.