थिनर गेला, ठिणगी राहिली

रंग म्हटला की डबा, ब्रश आणि थिनरचा वास आठवतो. १९५३ च्या सुमारास पश्चिम जर्मनीत एर्विन गेमर यांनी निराळी वाट काढली. भांड्यातल्या प्लॅस्टिकच्या भुकटीत खालून हवा सोडली की ती पाण्यासारखी खळखळते. तापवलेला धातू तिच्यात बुडवला की भुकटी वितळून त्यावर थर बसतो. साठच्या दशकात विद्युतभारित भुकटी फवारण्याची पद्धत रुळली. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर अमेरिकेत थिनरच्या वाफांवर बंधने आली आणि या पावडर कोटिंगला भाव आला.

पुढे फवारणीच्या छोट्या गन मिळू लागल्या आणि हौशी मंडळी गाडीच्या इंजिनाची झाकणे घरीच रंगवू लागली. थिनर गेला, पण धोका गेला नाही. हवेत तरंगणारी भुकटी ठिणगीने भडकते. म्हणून रंगवायच्या भागाला अर्थिंग हवे, आसपास ज्योत नको, हवा खेळती हवी, नाकातोंडावर चांगला मास्क हवा. तेल-ग्रीस पूर्ण काढूनच तो भाग सुमारे २०० अंश सेल्सिअसला भाजावा, तोही विजेच्या ओव्हनमध्ये. कारखान्यात यासाठी स्वतंत्र भट्टी असते. घरीही ओव्हन वेगळाच ठेवावा. त्यात पुन्हा कधी केक भाजू नये.