काळ्यातून काढलेला उजेड



परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना ह्यांचा पोस्टाच्या तिकिटांचा जुना अल्बम हाती लागला. त्यात ब्रिटनचे १९६७ सालचे चार पेन्सचे एक तिकीट आहे. लाल मखमली कपड्यातला, खडकावर रेलून बसलेला, डोक्याला हात टेकून कुठेतरी हरवलेला एक मुलगा. नातीने लगेच संगणकावर शोधून दिले. चित्रकार सर थॉमस लॉरेन्स, वर्ष १८२५, मुलाचे नाव चार्ल्स विल्यम लॅम्टन. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीने २०२१ मध्ये ९३ लाख पौंडांना विकत घेतले म्हणे!

त्या काळी अशी चित्रे बड्या घरांच्या दिवाणखान्यातच राहायची. बाकीचे लोक ती पाहायचे छापील प्रतींतून. या चित्राची प्रत सॅम्युअल कझिन्सने १८२७ साली मेझोटिंट पद्धतीने केली. ही पद्धत मला फार आवडली. आधी धातूचा सगळा पत्रा दातेरी हत्याराने खरबरीत करायचा. तसाच शाई लावून छापला तर कागद काजळासारखा काळा उठतो. मग जिथे उजेड हवा तिथे खरवडायचे, घासून गुळगुळीत करायचे. जितके गुळगुळीत, तितके पांढरे. आपल्या फळ्यासारखेच, पण खडूशिवाय!

या छापात लाल रंग नाही. म्हणून की काय, उजेडच जास्त दिसतो. मागे चांदण्यातला समुद्र आहे, पण मुलाच्या चेहऱ्यावरचा उजेड त्या चंद्राचा नाही, तो समोरून पडतो. कपाळ, कॉलर, हात तेवढे उजळ, भोवती अंधार. जणू उजेड त्याच्या आतूनच येतोय. त्या रोमँटिक काळाला माणूस असाच दाखवायला आवडे. पोर १८३१ साली, तेराव्या वर्षी क्षयाने गेले. हे वाचल्यावर मला ते चित्र पुन्हा नीट बघवेना.

पण दुसरीही एक गोष्ट मनातून जात नाही. या मुलाचे वडील जॉन जॉर्ज लॅम्टन, पुढचे लॉर्ड डरहॅम. १८३२ च्या सुधारणा कायद्याचा मसुदा करणाऱ्यांपैकी एक. घरची श्रीमंती मात्र डरहॅमच्या कोळसा खाणींची. त्या भागातल्या खाणींत लहान मुले हवेच्या दारांशी बसत. कोळशाची गाडी आली की दार उघडायचे, गेली की लावायचे. बारा-बारा तास, बहुतेक वेळ अंधारात. १८४२ साली चौकशीचा अहवाल चित्रांसह छापला गेला. लोक हादरले, आणि त्याच वर्षी दहा वर्षांखालच्या मुलग्यांना व सर्व स्त्रियांना खाणीत उतरवायला कायद्याने बंदी झाली.

मी कितीतरी वर्षे नववीला औद्योगिक क्रांती शिकवली. कोळसा, लोखंड, वाफेचे इंजिन... मुद्दे फळ्यावर, मुलांनी वहीत उतरवून घ्यायचे. १८३२ चा कायदाही त्यात असे. दाराशी बसलेली ती पोरे मी एकदाही सांगितली नाहीत. माझ्यासमोर बसलेल्यांपेक्षाही लहान होती ती. परीक्षेला येत नसत, म्हणून राहून गेली.

दोष चार्ल्सचा नाही. तोही पोरच होता. पण एकाच मुलखातली मुले, एकाच्या वाट्याला एवढा उजेड आणि बाकीच्यांना काळोख, हे मला त्या छापाने दाखवले. पुस्तकाने नाही.

असो. आता वर्ग नाही. म्हणून इथे लिहिले.