लिव्हरपूल : मोजमापावर उभे राहिलेले बंदर

भूगोलाच्या तासाला बंदरे शिकवताना आपण सहसा एका प्रश्नाशी थांबतो : बंदर नैसर्गिक की कृत्रिम? मुंबई नैसर्गिक, कारण तिथे खोल आणि आडोशाचे पाणी आहे, हे मुलांना पाठ असते. इंग्लंडच्या नकाशावर मात्र लिव्हरपूलचा ठिपका दाखवून ‘कापसाच्या व्यापाराचे मोठे बंदर’ एवढे सांगून आपण पुढे जातो. खरे पाहता विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनी एकत्र बसून शिकवावे असे हे शहर आहे. निसर्गाने त्याला बंदर म्हणून फारसे काही दिले नव्हते. त्याने समुद्राचे पाणी मोजले आणि त्या मोजमापावर बंदर उभे केले. पुढे त्याने इतरही अनेक गोष्टी मोजल्या. त्यांत माणसेही होती.

चिखलात बसणारी जहाजे

लिव्हरपूल मर्सी नदीच्या मुखाशी आहे. इंग्लंडचा राजा जॉन याने १२०७ साली त्याला सनद दिली, पण नंतरची जवळजवळ चार शतके ते लहानसे गावच राहिले. त्या भागातले मोठे बंदर म्हणजे डी नदीवरचे चेस्टर. डीचे पात्र गाळाने भरत गेले तसे व्यापारी मर्सीकडे वळले.

मर्सीची अडचण मात्र वेगळी होती. साडेचार मीटरपेक्षा उंच भरती येणार असली की मुंबईत पावसाळ्यात वर्तमानपत्रे आधीपासून सूचना छापतात. लिव्हरपूलला उधाणाच्या दिवसांत ओहोटी आणि भरती यांच्या पातळीतला फरक आठ-नऊ मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा असतो. भरतीला काठाशी लागलेले जहाज सहा तासांनी चिखलात बसलेले दिसे. त्यातून माल उतरवणे कठीण आणि मालाने भरलेल्या लाकडी जहाजाच्या तळालाही धोका.

यावर थॉमस स्टीअर्स या अभियंत्याने काढलेला उपाय १७१५ साली प्रत्यक्षात आला. खाडीचा एक भाग भिंतींनी बंदिस्त करून त्याला दरवाजे बसवले. भरतीला दरवाजे उघडायचे, जहाजे आत घ्यायची आणि पाणी उतरू लागण्यापूर्वी दरवाजे बंद करायचे. बाहेर ओहोटी असली तरी आतले पाणी तसेच उभे राहते आणि जहाज धक्क्याच्या पातळीला तरंगत राहते. व्यापारी जहाजांसाठी बांधलेली ही जगातील पहिली बंदिस्त गोदी मानली जाते. १८२६ मध्ये ती बुजवण्यात आली. २००१ मध्ये उत्खननात तिच्या विटांच्या भिंती पुन्हा सापडल्या.

दरवाजा केव्हा उघडायचा?

गोदीबरोबर एक वैज्ञानिक प्रश्न दारात येऊन उभा राहिला. दरवाजा भरतीच्या सुमारास थोडाच वेळ उघडता येतो. मग उद्याची भरती किती वाजता येईल आणि किती उंच चढेल, हे आज कसे कळणार?

वेळेचा ढोबळ हिशेब कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला ठाऊक असतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पण गोदीच्या उंबरठ्यावर किती पाणी असेल हे सांगायला ढोबळ हिशेब पुरत नाही.

विल्यम हचिन्सन हा जुना खलाशी १७५९ पासून लिव्हरपूलचा गोदीप्रमुख होता. त्याने १७६४ ते १७९३ अशी जवळजवळ तीस वर्षे भरतीच्या वेळा आणि उंची नोंदवल्या. वारा आणि हवेचा दाबही तो टिपत असे. या नोंदींच्या आधाराने होल्डन कुटुंबाने १७७० पासून लिव्हरपूलची भरतीची कोष्टके छापायला सुरुवात केली. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणाचा डॅनिएल बर्नूलीने १७४० मध्ये मांडलेला सिद्धान्त त्यामागे होता. गणिताची रीत मात्र होल्डनांनी घरातले गुपित म्हणून जपली. ज्ञान बाजारात विकले जाऊ लागले की त्याला कुलूप बसते, याचे हे एक जुने उदाहरण.

गोदीतून काय गेले

आता इतिहासाच्या तासाकडे वळू. या दरवाजातून कोणती जहाजे ये-जा करत होती? १६९९ मध्ये ‘लिव्हरपूल मर्चंट’ हे जहाज आफ्रिकेकडे निघाले आणि पुढच्या वर्षी त्याने २२० गुलाम बार्बाडोस बेटावर उतरवले. त्यानंतरच्या शतकात लिव्हरपूलच्या जहाजांनी सुमारे पाच हजार फेऱ्यांमधून जवळजवळ पंधरा लाख आफ्रिकी माणसे अटलांटिकपार नेली. जाताना कापड, धातूच्या वस्तू, बंदुका, तिथून माणसे, परतताना साखर, तंबाखू, कापूस किंवा हुंड्या. असा हा त्रिकोणी व्यापार होता. शहराच्या नगरपित्यांत, महापौरांत, गोद्यांचे कारभार पाहणाऱ्यांत या व्यापारातले लोक सर्रास होते.

इथेही मोजमाप होते. १७८१ मध्ये लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या मालकीच्या ‘झाँग’ जहाजावर ४४२ आफ्रिकी कोंबलेले होते. नौकानयनातील चुकीमुळे जहाज जमैका ओलांडून पुढे गेले आणि पाणी कमी पडेल असे सांगून खलाशांनी १३० हून अधिक माणसे समुद्रात फेकली. मालकांनी दर माणशी ३० पौंडांप्रमाणे विम्याची भरपाई मागितली. त्यामागचा हिशेब असा : गुलाम आजाराने मेला तर नुकसान मालकाचे, पण जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ समुद्रात टाकला तर नुकसान विमा कंपनीचे. १७८३ मध्ये पहिला निकाल मालकांच्या बाजूने लागला. वरिष्ठ न्यायाधीशांनी पुन्हा सुनावणी घेण्यास सांगितले, परंतु खुनाचा खटला कुणावरही झाला नाही.

आणि त्याच शहरातल्या एका जहाजाचे मोजमाप या व्यापाराच्या विरोधातले सर्वांत प्रभावी हत्यार ठरले. ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या कॅप्टन पॅरी या नौदल अधिकाऱ्याने लिव्हरपूलला जाऊन गुलामवाहू जहाजे मोजली. त्यांपैकी ‘ब्रूक्स’ या जहाजाचा नकाशा १७८८-८९ मध्ये गुलामगिरीविरोधी समित्यांनी छापून वाटला. १७८८ च्या कायद्याने या जहाजाला ४५४ माणसे नेण्याची परवानगी होती. प्रत्येक पुरुषाला सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद जागा धरून नकाशात ती माणसे दाखवली, तेव्हा जहाजाच्या तळात पाय ठेवायला जागा उरली नाही. पूर्वी याच जहाजाने एका फेरीत ६०९ माणसे नेली होती, हेही खाली छापले होते. त्या नकाशात विशेषण एकही नव्हते. होती ती लांबी, रुंदी आणि संख्या. १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला. लिव्हरपूलचा खासदार विल्यम रॉस्को याने आपल्याच मतदारांचा रोष पत्करून त्याच्या बाजूने मत दिले.

कापूस : मर्सीपासून वऱ्हाडपर्यंत

व्यापार बंद झाला, पण शहर बुडाले नाही. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केल्यापासून अमेरिकेतील कापसाचे पीक वाढत गेले होते आणि ते मँचेस्टरच्या गिरण्यांकडे लिव्हरपूलमार्गे जाऊ लागले होते. माल इतका वाढला की कालवे अपुरे पडले. त्यातून १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर ही सुमारे ५० किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. दोन मोठ्या शहरांना जोडणारी, वेळापत्रकाने धावणारी आणि संपूर्णपणे वाफेच्या इंजिनांवर अवलंबून असलेली ही पहिली रेल्वे. स्टीव्हन्सन यांचे ‘रॉकेट’ इंजिन याच मार्गासाठी घेतलेल्या स्पर्धेत निवडले गेले. हे आपण पाठ्यपुस्तकात सांगतो. त्या रेल्वेने वाहिलेला कापूस गुलामांच्या हातांनी वेचलेला होता, हे बहुधा सांगायचे राहून जाते. गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये थांबला, पण गुलामांच्या श्रमाचा माल १८६० पर्यंत त्याच गोद्यांमधून येतच राहिला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश पुरवठा तुटला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. लिव्हरपूलच्या दलालांची नजर मुंबईकडे वळली, आणि इथे या गोष्टीचा आपल्याशी थेट संबंध येतो.

भारतीय कापसाला तिकडे ‘सुरत’ म्हणत, आणि हा शब्द तेव्हा जवळजवळ शिवीसारखा वापरला जाई. याचे एक कारण तंतूची लांबी. आपल्या देशी जातींचा तंतू साधारण दोन सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून आखूड, तर अमेरिकी कापसाचा अडीच सेंटिमीटर किंवा अधिक. सूतकताईच्या यंत्रात रुळांच्या जोड्यांमधले अंतर तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त ठेवलेले असते. लांब तंतूसाठी लावलेल्या यंत्रात आखूड तंतू घातला की तो मधेच सुटतो आणि सूत वारंवार तुटते. सूत कमी निघे आणि वजनावर मजुरी मिळवणाऱ्या कामगाराचे पैसे घटत. त्यात गाठींमध्ये कचराही असे.

तरीही गरजेपोटी भाव कित्येक पटींनी चढले. खानदेश आणि वऱ्हाडातील कापूस मुंबईच्या बंदराकडे धावू लागला, आणि मुंबईत आलेल्या पैशाच्या पुरात शेअरांचा सट्टा माजला. त्या काळचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या मुख्य सेनेने शरणागती पत्करली. ती बातमी पोचताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, रायचंदही दिवाळखोर झाले. शेतकऱ्याला तेजीत मिळालेले कर्ज मंदीत गळफास ठरले. पुणे-नगर भागात १८७५ साली सावकारांविरुद्ध जे दख्खनचे दंगे झाले, त्यांच्या कारणांमध्ये या घसरणीचीही गणना होते. सुप्याच्या बाजारात वह्या जाळणाऱ्या शेतकऱ्याने लिव्हरपूलचे नावही ऐकले नसेल. त्याच्या कापसाचा भाव मात्र तिथे ठरला होता.

पाण्याच्या नोंदी

विसाव्या शतकात शहराने पुन्हा पाण्याच्या मोजमापात मोठे काम केले. १९१९ मध्ये जहाजमालकांच्या देणगीतून लिव्हरपूल विद्यापीठात भरती-ओहोटीच्या अभ्यासाची संस्था स्थापन झाली. तिथे आर्थर डूडसन यांनी भरतीची घडण सुमारे चारशे साध्या आंदोलनांमध्ये विभागून दाखवली. चंद्रामुळे १२ तास २५ मिनिटांचे, सूर्यामुळे १२ तासांचे, आणि अशी इतर अनेक. ही आंदोलने कप्प्यांनी आणि तारेने एकत्र बेरीज करणारी यंत्रे असत. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, त्यासाठी लागणाऱ्या भरतीच्या वेळा डूडसन यांनीच काढून दिल्या. किनारा कोणता, हे त्यांना सांगितलेले नव्हते.

१९३३ पासून जगभरच्या समुद्रपातळीच्या नोंदी याच शहरपरिसरात जमा होतात. मुंबईच्या अपोलो बंदरावरील १८७८ पासूनच्या नोंदीही त्या संग्रहात आहेत. हिंदी महासागरातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. १९०० पासून जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे. हे आपण आज खात्रीने सांगू शकतो ते अशाच नोंदींमुळे. हचिन्सनने गोदीच्या दरवाजासाठी लिहिलेले आकडेही त्या अभ्यासात उपयोगी पडतात.

शहराने आपला दुसरा हिशेबही अखेर उघडला. डिसेंबर १९९९ मध्ये लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने गुलामांच्या व्यापारातील सहभागाबद्दल औपचारिक क्षमा मागितली. २००७ पासून तिथल्या जुन्या गोदीच्या आवारात गुलामगिरीचा इतिहास सांगणारे संग्रहालय उभे आहे.

विज्ञान शिकवताना आपण मुलांना सांगतो की मोजायला शिका. ते योग्यच आहे. पण भरतीचे कोष्टक, ‘झाँग’चा विमा आणि ‘ब्रूक्स’चा नकाशा ही तिन्ही एकाच शहराच्या संदर्भातली, सारख्याच काळजीने केलेली मोजमापे आहेत. म्हणून आणखी दोन प्रश्न विचारायलाही शिकवले पाहिजे : कोण मोजतो आहे, आणि कशासाठी?

वर्गात एक गोष्ट करून पाहता येईल. खडूने फरशीवर १८३ सेंटिमीटर लांब आणि ४१ सेंटिमीटर रुंद चौकट आखा. एखाद्या मुलाला तीत आडवे व्हायला सांगा. मग फळ्यावर ४५४ हा आकडा लिहा, आणि आपला वर्ग अशा किती चौकटींनी भरेल याचे गणित मुलांनाच करू द्या. उत्तर आल्यावर लगेच काही बोलू नये.