मरणानंतरचे जगज्जेतेपद

आपण जगज्जेते झालो हे ज्याला कधी कळलेच नाही, असा फॉर्म्युला वनमध्ये एकच ड्रायव्हर होऊन गेला. ऑस्ट्रियाचा योखेन रिंट. १९७० साली त्याने पाच शर्यती जिंकल्या. ५ सप्टेंबरला इटलीत मोंझा येथे सरावात त्याची लोटस गाडी कठड्यावर आदळली आणि तो गेला. वय अवघे २८. उरलेल्या चार शर्यतींत कुणालाच त्याचे ४५ गुण गाठता आले नाहीत. चषक पत्नी नीनाच्या हाती दिला गेला.

रिंट मांड्यांमधला पट्टा लावत नसे. गाडी पेटली तर चटकन बाहेर पडता यावे म्हणून! त्याची भीती खोटी नव्हती. १९६६ साली बेल्जियममध्ये त्याचा मित्र जॅकी स्ट्यूअर्ट मोडक्या गाडीत पेट्रोलने भिजून सुमारे २५ मिनिटे अडकला होता. ग्रॅहम हिलने एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली.

तेव्हापासून स्ट्यूअर्ट गाडीतच पाना ठेवू लागला. कठडे हवेत, डॉक्टर हवेत, आग विझवणारे हवेत, म्हणून भांडत राहिला. लोक त्याला भित्रा म्हणाले. तो तीनदा जगज्जेता झाला. १९७३ साली सहकारी सेव्हेर सरावात गेला, तेव्हा स्ट्यूअर्टने आपली शंभरावी शर्यत न खेळताच निवृत्ती घेतली.

शाळेत शौर्याचे धडे मी पुष्कळ शिकवले. भित्रा म्हणवून घेऊन दुसऱ्यांचे जीव वाचवणाऱ्याचा धडा मात्र त्यात एकही नव्हता. असायला हवा होता, असे आता वाटते.