वेठीचे रस्ते

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलीवर हिंडून आलेल्या प्रवाशांचीं वर्णनें वाचलीं म्हणजे त्यांत दोन गोष्टींची स्तुति हटकून आढळते. एक तेथील भूमीच्या वैचित्र्याची व दुसरी तेथील रस्त्यांची. पॅरिस सोडून नैर्ऋत्येस निघालें कीं प्रथम बोसचा गव्हाचा सपाट मुलूख लागतो, आणि त्यावर शार्त्रच्या मंदिराचे मनोरे कित्येक कोसांवरून दिसूं लागतात. पुढें ल्वार नदीच्या कांठचे द्राक्षमळे, त्यांच्या दक्षिणेस लिमूझँ प्रांतांतील चेस्टनटचीं रानें व तांबड्या गाईंचीं कुरणें, पूर्वेस वळावें तर ओव्हेर्न्यचे विझलेले ज्वालामुखी, आणि अगदीं खालीं पिरेनीज पर्वताची भिंत. एका देशाच्या पोटांत जणूं अनेक देश! पण या सर्वांना ओवणारा दोरा एकच, आणि तो म्हणजे दुतर्फा झाडें असलेला, चढउतारांची पर्वा न करतां सरळ जाणारा रस्ता. भूमीचें श्रेय प्रवासी निसर्गाला देतो तें योग्यच आहे. रस्त्याचें श्रेय मात्र तो कोणालाच देत नाहीं. डोंगर व नद्या यांच्याप्रमाणें रस्ताहि तेथें पूर्वापार असेल, असेंच तो धरून चालतो.

वस्तुस्थिति तशी नाहीं. हा रस्ता माणसांनीं केला, आणि ज्यांनीं केला त्यांनीं तो खुषीनें केला नाहीं. पुढें शंभर-सव्वाशें वर्षांनीं त्यावर सायकल आली व तिनें तो हळूहळू त्यांच्याच वंशजांच्या हवालीं केला. तें कसें घडलें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

१७३८ सालीं ओरी या अर्थमंत्र्यानें प्रांतोप्रांतींच्या अधिकाऱ्यांस एक सूचनापत्र धाडलें, व राजरस्त्यांच्या कामावर शेतकऱ्यांना धरण्याची रीत बहुतेक प्रांतांत सरसकट लागू केली. तिचें फ्रेंच नांव 'कॉर्व्हे'. आमच्या भाषेंत तिला 'वेठ' हा नेमका शब्द आहे व तो पुस्तकांतून शिकावा लागलेला नाहीं. रस्त्यापासून ठराविक अंतराच्या आंत ज्याचें गांव असेल, त्या शेतकऱ्यानें आपलीं अवजारें, गाडी व जनावरें घेऊन कामावर हजर व्हावें. मजुरी नाहीं. दिवसांची संख्या प्रांताप्रांतांत निराळी. कोठें ती थोडकी असे, तर कोठें महिन्यापर्यंत जाई. सरदार व धर्माधिकारी यांना या वेठींतून सूट होती. म्हणजे ज्यांच्या गाड्या रस्त्यावरून धांवावयाच्या त्यांचे हात मोकळे, आणि ज्यांना त्यावरून कोठेंच जावयाचें नव्हतें त्यांचे हात दगडांत.

या श्रमांना आकार देणारे पुरुष मोठ्या योग्यतेचे होते, हेंहि नमूद केलें पाहिजे. १७४३ पासून रस्त्यांचें खातें त्रुदेन याच्याकडे आलें. १७४७ मध्यें पेरोने याच्या हाताखालीं रस्ते व पूल बांधण्याचें शास्त्र शिकविणारी शाळा निघाली. रस्त्यांच्या कडेनें झाडें लावण्याचा राजाचा हुकूम तर १७२० चाच होता. ज्या सावलींत आजचा सायकलस्वार घाम पुसतो ती सावलीसुद्धां सरकारी हुकुमाची संतति आहे. हे रस्ते इतके उत्तम झाले कीं, १७८७ पासून फ्रान्समध्यें फिरलेला इंग्रज शेतकी-पंडित आर्थर यंग त्यांची रुंदी व बांधणी पाहून चकित झाला. पण त्याला दुसरेंहि एक आश्चर्य वाटलें: या भव्य रस्त्यांवर वाहतूक फारच थोडी होती. रस्ता होता, प्रवासी नव्हते. आश्चर्याचें कारण नाहीं. डाक, फौज व अधिकारी यांच्यासाठीं जो रस्ता झाला, त्यावर शेतकरी कशाला दिसेल?

वेठीच्या अन्यायाची जाणीव असलेला एक अधिकारी मात्र त्या काळांत होता. त्युर्गो हा १७६१ ते १७७४ पर्यंत लिमोझ येथें राजाचा प्रतिनिधि होता. त्यानें आपल्या प्रांतांत वेठीऐवजीं कर बसवून पैसे देऊन काम करविलें. त्याच प्रांतांत त्रेसागे नांवाच्या स्थापत्यज्ञानें १७६४ च्या सुमारास रस्ताबांधणीची नवी पद्धति बसविली. खालीं उभ्या दगडांचा पाया, वर लहान व त्याहून लहान दगडांचे थर, आणि वर्षभर सतत देखभाल. या दोन सुधारणांचा परस्परसंबंध आहे. वर्षांतून दोनदां धरून आणलेले बेगारी दगडांचा ढीग ओततात; थर काळजीनें रचावयाचे तर मजुरी घेणारा, काम शिकलेला माणूस लागतो. पुढें मंत्री झाल्यावर १७७६ च्या आरंभीं त्युर्गोनें वेठ देशभर बंद करण्याचा कायदा केला. ज्यांच्या जमिनीची किंमत रस्त्यानें वाढते त्यांनींच रस्त्याचा खर्च द्यावा, असें त्याचें म्हणणें. पॅरिसच्या न्यायसभेंतील सरदारांना हें मानवलें नाहीं. मे महिन्यांत त्युर्गो पदच्युत झाला, ऑगस्टमध्यें वेठ परत आली, आणि ती कायमची जाऊन तिच्या जागीं कर येण्यास १७८७ साल उजाडावें लागलें. दोन वर्षांनीं राज्यक्रांति झाली.

यानंतरचा टप्पा १८३६ चा. त्या वर्षीं झालेल्या कायद्यानें गांवोगांवच्या लहान रस्त्यांची जबाबदारी त्या त्या गांवावर आली, आणि प्रत्येक घरानें वर्षांतून तीन दिवस काम करावें किंवा त्याचा मोबदला पैशांत द्यावा असें ठरलें. वरवर पाहतां ही वेठच. पण दोहोंत मोठें अंतर आहे. हा रस्ता राजधानीकडे जाणारा नव्हता; शेतापासून बाजारापर्यंत, एका खेड्यापासून दुसऱ्या खेड्यापर्यंत जाणारा होता. आज सायकलस्वारांना जे अरुंद, वळणांचे, शांत रस्ते सर्वांत प्रिय आहेत ते पुष्कळसे या तीन दिवसांच्या कामांतून वाढलेले आहेत.

मग आगगाडी आली व राजरस्ते ओस पडले. डाकगाड्या थांबल्या, वाटेवरच्या खाणावळी व घोडे बदलण्याचे तबेले बंद पडले. अशा रिकाम्या रस्त्यांवर सायकल अवतरली. १८६९ मध्यें पॅरिस ते रुआं ही शर्यत झाली. १८९१ मध्यें पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारें १२०० किलोमीटरांची शर्यत शार्ल तेरों यानें हवेच्या टायरांवर तीन दिवसांत जिंकली. १८९० सालीं 'तूरिंग क्लब द फ्रान्स' ही संस्था सायकलस्वारांनीं स्थापिली.

सर्वांत प्रसिद्ध शर्यत 'तूर द फ्रान्स' ही होय. हें नांव नवें नव्हतें. सुतार, गवंडी इत्यादि कारागीर धंदा शिकण्यासाठीं गांवोगांव फिरत, त्या फेरीला पूर्वापार हेंच नांव होतें. आणि हरवलेल्या लोरेन प्रांतांतील दोन पोरकीं मुलें सारा देश फिरतात अशा कथेचें १८७७ सालचें शालेय पुस्तक मुलांच्या पिढ्यांनीं वाचलें होतें. १९०३ मध्यें 'लोतो' या वर्तमानपत्राचा संपादक आंरी देग्रांज यानें आपला खप वाढविण्यासाठीं तेंच नांव उचललें. सहा टप्पे, २४२८ किलोमीटर, निघाले ६० आणि परतले २१. जिंकला मॉरिस गारें; हा एके काळीं धुराडीं साफ करणारा मजूर होता. ज्या वर्गाला पूर्वीं रस्ता केवळ खोदण्यापुरता ठाऊक होता, त्या वर्गाचा माणूस आतां त्यावरून देशाला प्रदक्षिणा घालून आला.

तथापि या विजयाला दुसरी बाजू आहे. १९१० मध्यें देग्रांजनें शर्यत पिरेनीजमध्यें नेली. पेरेसूर्द, आस्पँ, तुर्माले, ओबिस्क या घाटांतून ३२६ किलोमीटरांचा एक टप्पा. ऊन्ह पाण्याच्या झऱ्यांवर येणाऱ्या श्रीमंतांच्या सोयीसाठीं तिसऱ्या नेपोलियनच्या काळीं तयार केलेली ती वाट. त्या वर्षींचा विजेता लापीझ हा घाटावर आयोजकांना 'खुनी' म्हणून ओरडला. १९१३ मध्यें तुर्मालेच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफच्या सायकलीचा पुढचा दांडा मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत सेंत मारी द कांपां या गांवीं आला व लोहाराच्या भट्टींत त्यानें दांडा स्वतःच्या हातानें जोडला. नियम असा कीं दुसऱ्याची मदत घ्यावयाची नाहीं. लोहाराच्या दुकानांतील पोरानें भाता हलविला, एवढ्यासाठीं त्याला दंड झाला! मध्यंतरीं महायुद्ध झालें. त्यांत लापीझ, फाबेर व पेती-ब्रेतों हे तीन विजेते पडले. १९१९ मध्यें तह झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं शर्यत पुन्हां निघाली व परत मिळालेल्या स्ट्रासबुर्ग आणि मेट्झ या शहरांतून गेली. रस्ता हा राष्ट्राच्या सीमेची खूण झाला, पण त्यावर राबणाऱ्याची स्थिति बदलली नाहीं. १९२४ मध्यें आदल्या वर्षींचा विजेता आंरी पेलिसिए यानें, अंगावर किती सदरे आहेत याची तपासणी होते म्हणून, भावासह कूतांस येथें शर्यत सोडली. आल्बेर लाँद्र या पत्रकारानें त्यांची कैफियत प्रसिद्ध केली. हा लेखक आदल्याच वर्षीं गियानाच्या तुरुंगांतील कैद्यांवर लिहून आला होता. तेव्हां या स्वारांना 'रस्त्यावरचे सक्तमजुरीचे कैदी' हें नांव चिकटलें, यांत नवल नाहीं. वेठ नव्या वेषांत परत आली होती, एवढाच याचा अर्थ. या वेळीं धनी राजा नव्हता, वर्तमानपत्र होतें.

परंतु त्याच रस्त्यावर दुसरा एक मार्ग आरंभापासूनच चालू होता. सेंत एतिएनचा रेशमाचा व्यापारी पॉल द व्हिव्ही यानें १८८७ मध्यें सायकलीला वाहिलेलें मासिक काढलें व 'व्हेलोसियो' या नांवानें तो त्यांत लिहीत राहिला. गांवाच्या दक्षिणेस ११६१ मीटर उंचीचा रेपुब्लीकचा घाट आहे. पहिली 'तूर' या घाटावरून गेली. पुढच्या वर्षीं गारेंवर तेथेंच हल्ला झाला. व्हेलोसियो तोच घाट पहांटे चढे, पण कोणाला हरविण्यासाठीं नव्हे. रात्रीच्या थंडींत निघावें, ऱ्होन नदीच्या कांठानें उतरावें, आणि उजाडतांना ऑलिव्हच्या झाडांच्या प्रदेशांत असावें, हें त्याचें सुख. चढावर पायांना हलकें जावें म्हणून वेग बदलणाऱ्या यंत्राचा त्यानें आयुष्यभर पुरस्कार केला. देग्रांजनें तें यंत्र आपल्या शर्यतींत १९३७ पर्यंत येऊं दिलें नाहीं. एकाला दिसे किती सोसतां येतें. दुसऱ्याला, किती पाहतां येतें.

व्हेलोसियो १९३० मध्यें वारला. सहाच वर्षांनीं, जून १९३६ मध्यें, फ्रान्सच्या कामगारांना दोन आठवड्यांची पगारी सुटी देणारा कायदा झाला. त्या उन्हाळ्यांत कारखान्यांतील तरुण जोडपीं दोघांच्या सायकलीवर तंबू बांधून निघालीं. कित्येकांनीं आयुष्यांत प्रथमच समुद्र पाहिला. त्यांना कोणी धरून आणलें नव्हतें, त्यांच्या सदऱ्यांची मोजदाद कोणी केली नाहीं. आपलाच देश, आपल्याच पायांनीं, आपल्याच सवडीनें पाहावा, हा अधिकार आर्थर यंगच्या काळीं ज्या रस्त्यावर कोणालाहि सुचला नसता, त्याच रस्त्यावर तो दीडशें वर्षांनीं प्रत्यक्षांत आला.

आज गालिबिएच्या घाटावर देग्रांजचें स्मारक आहे. रेपुब्लीकच्या घाटावर व्हेलोसियोचें आहे. क्रिस्तोफनें दांडा जोडला त्या गांवींहि त्याच्या नांवाची पाटी आहे. तीं सर्व योग्यच आहेत. ज्या शेतकऱ्यानें पेरणीच्या दिवसांत बैल सोडून दगड वाहिले त्याचें नांव कोणत्या पाटीवर घालावयाचें? तीं नांवें पुष्कळच होतील. त्याच्या स्मारकासाठीं निराळी जागा शोधण्याची गरजहि नाहीं. सायकलस्वाराच्या चाकाखालीं तें कोसचे कोस पसरलेलें आहे. झाडाच्या सावलींत थांबणाऱ्यानें क्षणभर तेवढी आठवण ठेवली, तरी पुरें.